आधी परतीची वाट

अंटार्क्टिकावर हवा फुकट आहे. श्वास घ्यायला तिथे यंत्र लागत नाही. पायाखालच्या बर्फात पृथ्वीवरच्या गोड्या पाण्याचा बहुतांश साठा आहे, वजन घरी भरतं तेवढंच भरतं आणि उन्हाळ्यात केप टाउनहून सुटलेलं विमान काही तासांत तिथे उतरतं. माणसाने या खंडाच्या भूमीवर पहिला हिवाळा काढला तो १८९९ साली. त्याला सव्वाशे वर्षं उलटून गेली. आज उन्हाळ्यात तिथे काही हजार माणसं असतात, हिवाळ्यात हजाराच्या आसपास. त्यांत शास्त्रज्ञ आहेत, डॉक्टर, स्वयंपाकी, मेकॅनिक आहेत. पण पिढ्यान्‌पिढ्या तिथेच नांदणारं एकही कुटुंब नाही. सगळे मुदतीवर येतात, काम करतात आणि परत जातात.

चंद्रावर गावं, मंगळावर दहा लाख माणसांचं शहर असे मनसुबे ऐकले की मला हा खंड आठवतो. अवकाशातल्या वस्तीची तुलना सहसा अमेरिकेकडे निघालेल्या युरोपीय जहाजांशी केली जाते. ती तुलना टिकत नाही. त्या जहाजांना पलीकडच्या किनाऱ्यावर हवा, नद्या, जंगलं, शिकार आणि सुपीक जमीन मिळाली. आधीपासून राहणारी माणसंही तिथे होती आणि त्यांची जमीन हिसकावूनच त्या वसाहती उभ्या राहिल्या. मंगळावर यातलं काहीच नाही. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीवरच्या एक टक्क्याहूनही कमी आणि ती हवाही जवळपास सगळी कार्बन डायऑक्साइड. मातीत परक्लोरेटसारखे विषारी क्षार. किरणोत्सर्ग अडवायला ना दाट वातावरण, ना पृथ्वीसारखं चुंबकीय क्षेत्र. मंगळाच्या मानाने अंटार्क्टिका म्हणजे नंदनवन. त्या नंदनवनातही आपण अजून वस्ती केलेली नाही.

माणसाने पृथ्वीबाहेर जावं, लांब जावं, तिथे वर्षानुवर्षं राहून यावं असं मला मनापासून वाटतं. पण जाऊन राहणं वेगळं आणि तिथलंच होणं वेगळं. राहायला जाणारा माणूस सज्ञान असतो, धोका समजून सही करतो, त्याच्या परतीची सोय केलेली असते. वस्ती मात्र तिथे जन्माला येणाऱ्या मुलापासून सुरू होते आणि त्या मुलाने कशावरच सही केलेली नसते. म्हणून वस्तीची वेळ आली की नाही हे ठरवताना रॉकेट किती टन वाहून नेतं हा प्रश्न दुय्यम आहे. तिथे जन्मलेलं मूल धडधाकट वाढेल का आणि मोठं झाल्यावर त्याला हवं असेल तर तिथून निघता येईल का, हे दोन प्रश्न मुख्य आहेत. त्यांना पुराव्यानिशी होकार देता येत नाही तोवर आपण ठाणी उभारावीत. वस्तीची घाई करू नये.

ठाणं चालवणं म्हणजे काय, याचा अनुभव भारताच्या गाठीशी आहे. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकावर उतरली. पुढे ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणं उभं राहिलं. ते बर्फात गाडलं जाऊ लागलं तेव्हा बर्फ नसलेल्या खडकाळ भागात ‘मैत्री’ आलं आणि २०१२ मध्ये ‘भारती’. वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून या मोहिमांची आखणी होते. इंधन, धान्य, औषधं, सुटे भाग, सगळं बाहेरून न्यावं लागतं. हिवाळ्यात मागे राहणाऱ्या तुकडीला पुढचा उन्हाळा उजाडेपर्यंत आहे त्यावर भागवावं लागतं.

‘मैत्री’पासून काही किलोमीटरवर रशियाचं नोवोलाझारेव्स्काया हे ठाणं आहे. १९६१ च्या एप्रिलअखेरीस तिथला एकुलता एक डॉक्टर, २७ वर्षांचा लिओनिद रोगोझोव्ह, अपेंडिक्सच्या दुखण्याने आडवा झाला. बाहेर हिमवादळ, विमान येणं अशक्य. त्याने स्वतःच्या पोटाला भुलीचं इंजेक्शन टोचलं, अर्धवट टेकून बसला आणि स्वतःच चीर दिली. एका हवामानतज्ज्ञाने जखमेच्या कडा ओढून धरल्या, मेकॅनिकने आरसा धरला. आरशात सगळं उलटं दिसत असल्यामुळे बराच वेळ तो हाताला लागेल त्या अंदाजावर काम करत होता. मधूनच भोवळ यायची, की थांबायचं, पुन्हा सुरू करायचं. पावणेदोन तासांनी टाके घालून झाले आणि दोन आठवड्यांत तो कामावर रुजू झाला.

या माणसाच्या धैर्याला मनोमन नमस्कार करावा. पण त्याच्या हातातली सुरी, भुलीचं औषध, टाक्यांचा दोरा हे सारं हजारो किलोमीटर मागे राहिलेल्या कारखान्यांनी बनवलं होतं. त्याच्या एका हाताच्या कौशल्यामागे अख्खा देश उभा होता. मंगळावर तो देश किती दूर असेल? पृथ्वीवरून निघालेला संदेश तिथे पोहोचायला ग्रहांच्या स्थानानुसार ३ ते २२ मिनिटं लागतात, उत्तर यायला तेवढीच पुन्हा. यान पाठवायची सोयीची वेळ सुमारे २६ महिन्यांनी येते आणि त्यानंतर सहा ते नऊ महिन्यांचा प्रवास. एखाद्या पंपाचं रबरी सील फाटलं, संगणकाची चिप जळली, इन्सुलिन संपलं, तर बदली वस्तू येण्याची वाट दोन-तीन वर्षं पाहावी लागेल. ते टाळायचं तर सील, चिप आणि इन्सुलिन बनवणारे कारखाने तिथेच हवेत आणि ते कारखाने चालवणारी माणसंही. दहा-वीस शूर माणसांनी ठाणं चालतं. स्वावलंबी वस्तीला अख्खा समाज लागतो.

आतापर्यंत जे साधलं आहे ते थोडं नाही. नोव्हेंबर २००० पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर माणूस सलग राहतो आहे. घाम, श्वासातली वाफ आणि मूत्र यांतून पाणी परत मिळवण्याचं प्रमाण २०२३ मध्ये तिथे ९८ टक्क्यांवर गेलं. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी त्याच स्थानकावर मेथी आणि मुगाला मोड आणले. पर्सिव्हरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी या उपकरणाने मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन काढून दाखवला. परग्रहावर असं पहिल्यांदाच घडलं. ही सगळी अभिमानाची पावलं आहेत. पण मॉक्सीने २०२१ ते २०२३ या काळात, १६ वेळा चालवून, एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन बनवला. एका माणसाला दिवसाला ८०० ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो. म्हणजे दोन वर्षांतली सगळी कमाई एका माणसाला चार तासही पुरली नसती. स्थानकाचंही तसंच आहे. ते पृथ्वीपासून अवघ्या ४०० किलोमीटरवर आहे, तिथलं जवळपास सगळं अन्न खालून जातं आणि संकट आलंच तर काही तासांत माणूस जमिनीवर उतरू शकतो.

बंदिस्त जगात काय घडू शकतं हे पृथ्वीवर एकदा नीट पाहायला मिळालं आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या ओरॅकल गावाजवळ काचेच्या छताखाली सव्वा हेक्टरचं एक छोटं जग उभारण्यात आलं, त्याचं नाव बायोस्फिअर २. त्यात छोटं वर्षावन होतं, प्रवाळ असलेला समुद्र होता, गवताळ कुरण होतं, शेत होतं. २६ सप्टेंबर १९९१ रोजी चार पुरुष आणि चार स्त्रिया आत गेल्या आणि दार बंद झालं. दोन वर्षं पिकवायचं, खायचं, तीच हवा पुन्हा पुन्हा घ्यायची असा बेत होता. काही महिन्यांतच हवेतला ऑक्सिजन घटू लागला. सुरुवातीला तो २१ टक्क्यांच्या आसपास होता, जानेवारी १९९३ पर्यंत १४ टक्क्यांच्या घरात आला. एवढी विरळ हवा सुमारे चार हजार मीटर उंचीवर असते. माणसं थकू लागली, झोपेत श्वास अडकू लागला. परागीभवन करणारे कीटक मेले, मुंग्या आणि झुरळं मात्र माजली.

ऑक्सिजन गेला कुठे? पिकं जोमाने यावीत म्हणून आतल्या मातीत भरपूर सेंद्रिय खत घातलेलं होतं. मातीतले जिवाणू त्यावर पोसले आणि त्यांनी ऑक्सिजन खाल्ला. मग तेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत वाढायला हवा होता, तो वाढलेला दिसेना. शोध घेतल्यावर कळलं की इमारतीच्या उघड्या काँक्रीटने तो शोषून घेतला होता. भिंतीच हवा पीत होत्या, आणि कोट्यवधी डॉलर खर्चून हे जग रचणाऱ्या कुणालाही ते आधी सुचलं नव्हतं. शेवटी बाहेरून ऑक्सिजन आत सोडावा लागला. तो सोडता आला, कारण भिंतीपलीकडे पृथ्वी होती. चीनमध्ये ‘युएगोंग-१’ या बंदिस्त प्रयोगशाळेत २०१७-१८ मध्ये विद्यार्थ्यांच्या तुकड्यांनी आळीपाळीने मिळून ३७० दिवस काढले, तेव्हा गणित कितीतरी चांगलं जमलं. म्हणजे हे शास्त्र पुढे सरकतं आहे. पण आजवर कुठल्याही बंदिस्त जगात एक अख्खं बालपण पार पडलेलं नाही.

बालपणाच्या आधी जन्माचा प्रश्न येतो, आणि तिथे आपली पाटी जवळजवळ कोरी आहे. वजनरहित अवस्थेत काय होतं हे आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. वालेरी पोल्याकोव्ह १९९४-९५ मध्ये मिर स्थानकावर सलग ४३७ दिवस राहिले. शरीराचा भार पेलणारी हाडं अवकाशात महिन्याला एक ते दीड टक्का घनता गमावतात, काहींच्या दृष्टीवर परिणाम होतो. पण मंगळाचं गुरुत्वाकर्षण शून्य नाही, पृथ्वीच्या ३८ टक्के आहे. चंद्राचं १७ टक्क्यांच्या आसपास. अशा अर्ध्यामुर्ध्या गुरुत्वात माणूस जास्तीत जास्त किती राहिला आहे? डिसेंबर १९७२ मधल्या अपोलो १७ चे दोन अंतराळवीर चंद्रावर सुमारे ७५ तास होते. मानवजातीचा या बाबतीतला दीर्घतम अनुभव तीन दिवसांचा आहे. गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंतचा सगळा प्रवास अवकाशात पूर्ण केलेला एकही सस्तन प्राणी नाही, साधा उंदीरसुद्धा नाही. ३८ टक्के गुरुत्वात वाढलेल्या मुलाचं हृदय आणि पाठीचा कणा पृथ्वीवर उभं राहायला पुरेसे बळकट होतील का, याचं उत्तर आज कुणाकडेच नाही. ते नकारार्थी निघालं, तर त्या मुलाची परतीची वाट त्याच्या हाडांनीच बंद केलेली असेल. मग कुठलाही कायदा, कितीही पैसा ती उघडू शकणार नाही.

मूल जन्माला घालण्यामागे प्रेमाखेरीज इतरही हेतू असू शकतात, हेही अंटार्क्टिकाने दाखवलं आहे. या खंडावरचं पहिलं मूल, एमिलिओ पाल्मा, ७ जानेवारी १९७८ रोजी अर्जेंटिनाच्या एस्पेरान्सा तळावर जन्मलं. त्याची आई गर्भवती असताना तिला मुद्दाम विमानाने तिथे नेण्यात आलं होतं. आपल्या नागरिकाचा जन्म तिथे झाला की त्या भूभागावरचा आपला दावा बळकट होईल, असा तेव्हाच्या लष्करी राजवटीचा हिशोब होता. चिलीनेही पुढे तोच कित्ता गिरवला. ती मुलं सुखरूप होती आणि घरी परतू शकत होती, म्हणून ही गोष्ट आज इतिहासातली एक नोंद म्हणून उरली. चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर दोन महासत्तांचे तळ शेजारी शेजारी उभे राहतील तेव्हा बाळाच्या पाळण्यालाच सीमेचा खांब करण्याचा मोह कुणालाच होणार नाही, असं मानायला आधार नाही.

दुसरा धोका सत्तेचा आहे आणि तो आपल्या मराठी इतिहासाच्या ओळखीचा आहे. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. त्यांत कोकणातून, आजच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातून गेलेली मराठी माणसंही होती. जाण्याचा खर्च मालकाचा, तो फेडायचा श्रमाने. करारात आधी परतीच्या प्रवासाची हमी असे, पुढे ती काढून टाकण्यात आली. जवळ पास नसला तर मजुराला अटक होई. त्यांच्या वंशजांनी त्या बेटावर माणुसकीचं, प्रतिष्ठेचं जग उभं केलं, मराठी भाषा आणि सणवार जपले. हे त्यांचं कर्तृत्व, व्यवस्थेचं नव्हे. जानेवारी २०२० मध्ये इलॉन मस्क यांनी जाहीरपणे सांगितलं की मंगळावर जाण्याइतके पैसे ज्यांच्याकडे नसतील त्यांच्यासाठी कर्जाची सोय असेल आणि तिथे कामाला तोटा नसेल. त्यांचा हेतू सामान्य माणसालाही संधी मिळावी असा असेल, त्यावर मला शंका घ्यायची नाही. पण रचना तीच आहे. मळ्यावरच्या मजुराला निदान हवा मालकाकडून विकत घ्यावी लागत नव्हती. मंगळावर कामावर ठेवणारा, घर देणारा आणि श्वास पुरवणारा एकच असेल, तर संप कसा करायचा? राजीनामा देऊन जायचं कुठे? एडिनबरा विद्यापीठातले खगोलजीवशास्त्रज्ञ चार्ल्स कॉकेल यांनी अवकाशातल्या स्वातंत्र्याच्या या प्रश्नावर अनेक वर्षं लेखन केलं आहे. आपल्याकडे त्याची चर्चा व्हायला हवी, कारण करारावर अंगठा उठवून समुद्रापार गेलेल्यांची आठवण आपल्याकडे आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की पृथ्वीवर महासंकट कोसळलं तर मानवजात टिकावी म्हणून दुसरं घर हवंच. काळजी रास्त आहे, पण घाईचं समर्थन तिच्यातून निघत नाही. ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या उल्काघाताने डायनोसॉर संपले, त्याच्या दुसऱ्या दिवशीचीसुद्धा पृथ्वी आजच्या मंगळापेक्षा राहण्याजोगी होती. तिच्यावर हवा होती, पाणी होतं आणि आपले पूर्वज असलेले छोटे सस्तन प्राणी त्यातून तगले. शिवाय अशा संकटाचा सामना इथूनच करता येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाच्या डार्ट यानाने डायमॉर्फस या छोट्या खगोलाला मुद्दाम धडक दिली आणि त्याचा प्रदक्षिणाकाळ अर्ध्या तासाहून जास्त घटवला. दुसरं म्हणजे, दर २६ महिन्यांनी पृथ्वीकडे डोळे लावून बसणारी मंगळावरची वस्ती पृथ्वी बुडाल्यावर मागून काही वर्षांत बुडेल. विमा म्हणून ती उपयोगी पडायची तर आधी खरोखर स्वावलंबी झाली पाहिजे आणि ते काम शतकांचं आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. कुठलंच मूल आपली जन्मभूमी निवडत नाही, पॉलिनेशियातल्या दर्यावर्दींनी मुलांना विचारून बेटं वसवली नाहीत. सगळे हिशोब आधी मांडत बसलो असतो तर माणूस आफ्रिकेबाहेर पडलाच नसता. हे खरं आहे. पण ते दर्यावर्दी रोपं, कोंबड्या, डुकरं घेऊन ज्या बेटांवर उतरले तिथे पाऊस पडत होता, मासे होते आणि ज्या होडीने आले तिनेच पुन्हा निघता येत होतं. पुढची पिढी निदान आपल्याइतकी जगेल असं मानायला त्यांच्यापाशी कारण होतं. आईबाप मुलासाठी जो धोका पत्करतात तो या आशेच्या बळावर. मंगळाबाबत आज अशी आशा धरायला पुरावा नाही, पण तो मिळवता मात्र येईल, आणि माझा सगळा आग्रह त्यासाठीच आहे.

मग करायचं काय? पृथ्वीच्या कक्षेत, गोल फिरून चंद्राएवढं आणि मंगळाएवढं गुरुत्व निर्माण करणाऱ्या प्रयोगशाळा उभाराव्यात आणि तिथे उंदरांच्या अनेक पिढ्या वाढवून पाहाव्यात. हे तंत्र आवाक्यातलं आहे, त्याला लागतो संयम आणि पैसा. बंदिस्त जीवनव्यवस्था पृथ्वीवरच दहा-दहा वर्षं चालवून तिच्या चुका इथे, दाराच्या आत-बाहेर करता येत असतानाच, सापडू द्याव्यात. चंद्रावर तळ जरूर व्हावेत, माणसं पाळीपाळीने जावीत आणि प्रत्येकाच्या परतीचा खर्च त्याने पाऊल उचलण्याआधीच राखून ठेवलेला असावा. मंगळावर जीवसृष्टी होती का, कदाचित अजूनही आहे का, या शोधासाठी तरी तिथे मोठ्या संख्येने माणसं नेण्याआधी थांबायला हवं, कारण माणसाबरोबर त्याचे अब्जावधी जिवाणूही जातात आणि मग सापडलेलं जीवन तिथलं की आपणच नेलेलं, हे सांगणं कठीण होईल.

हे सारं कायद्यात आलं नाही तर सदिच्छाच राहील. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराने कुठल्याही देशाला चंद्रावर किंवा इतर ग्रहगोलांवर मालकी सांगायला मनाई केली, पण तिथून काढलेल्या पाण्याचं आणि खनिजाचं काय, हे स्पष्ट केलं नाही. २०१५ मध्ये अमेरिकेने आपल्या कंपन्यांना अशा खनिजांवर हक्क देणारा कायदा केला. चंद्र हा मानवजातीचा सामायिक वारसा मानणाऱ्या १९७९ च्या चंद्र करारावर भारताने १९८२ मध्ये सही केली, पण पुढचं अनुमोदन आजवर दिलेलं नाही. जून २०२३ मध्ये आपण अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारात सामील झालो आणि त्याच वर्षी २३ ऑगस्टला चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. चंद्रावर पाण्याचे रेणू असल्याचा भक्कम पुरावा चंद्रयान-१ च्या निरीक्षणांतूनच पुढे आला होता. कायम अंधारातल्या विवरांमधला बर्फ आणि जवळजवळ सतत ऊन मिळणाऱ्या त्यांच्या कडा, अशा जागा मोजक्याच आहेत आणि सगळ्यांची नजर त्यांच्यावरच आहे.

कायदे लिहायची वेळ हितसंबंध घट्ट होण्याआधीची असते. अंटार्क्टिका करार १९५९ मध्ये १२ देशांना करता आला, कारण तिथून नफा काढणं तेव्हा कुणालाच शक्य नव्हतं. १९८८ मध्ये खाणींना वाट देणारा एक मसुदा तयार झालाही होता. ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स मागे हटले, तो बारगळला आणि १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने खनिज उत्खननावर बंदी आली. एकही खाण सुरू झालेली असती तर हे घडलं नसतं. चंद्र आणि मंगळ आज त्याच टप्प्यावर आहेत.

भारताने २०३५ पर्यंत स्वतःचं अवकाश स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस असं उद्दिष्ट जाहीर केलं आहे. ती तारीख गाठावी, जरूर गाठावी. पण चार दशकांहून अधिक काळ अंटार्क्टिकावर माणसं पाठवून ती सुखरूप परत आणणाऱ्या देशाने, आणि करारबद्ध मजुरांचे वंशज जगभर असलेल्या देशाने, रॉकेटबरोबर एक मसुदाही जगापुढे ठेवायला हवा. त्यात चार कलमं पुरेत. श्वासाची हवा कुणाच्याही मालकीची नसेल आणि कामाच्या मोबदल्यात रोखून धरता येणार नाही. परतीचा हक्क कुठल्याही करारात गहाण पडणार नाही. जन्माच्या आधारे जमिनीवर दावा सांगता येणार नाही. आणि पृथ्वीवर परत येऊन राहू शकेल असं शरीर घेऊन मूल वाढतं हे सिद्ध होईपर्यंत पृथ्वीबाहेर कुणीही वस्ती जाहीर करणार नाही. याला शंभर वर्षं लागोत की दोनशे. जे मूल अजून कुणाच्या स्वप्नातही आलेलं नाही, त्याच्या वतीने आज बोलू शकणारे फक्त आपणच आहोत.